जहाजावरची 'ग्रॅच्युइटी': बक्षिसी, खुशी की सेवा आकार?

विचारणा

एका पर्यटन संस्थेच्या माहितीपत्रकाचे मराठीकरण सध्या माझ्याकडे आहे. समुद्रसफरीच्या मोठ्या जहाजांवर प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दररोज एक ठरावीक रक्कम न विचारता नावे टाकली जाते आणि तिला मूळ मजकुरात 'ग्रॅच्युइटी' म्हटले आहे. मी प्रथम 'बक्षिसी' असे लिहिले होते. परंतु मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांनी समासात पेन्सिलीने शेरा मारला की, 'आधीच कापून घेतात ती बक्षिसी कसली?' 'ग्रॅच्युइटी' तसाच ठेवला तर वाचकाला निवृत्तीची रक्कम आठवेल, अशी भीती वाटते. या अर्थाला मराठीत नेमका शब्द कोणता वापरावा?

पहिला प्रतिसाद

तपासनिसांचा शेरा रास्त आहे. 'बक्षीस' हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत त्याला तीन घरे मिळाली. स्पर्धेत मिळते ते बक्षीस, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवले जाते ते बक्षीसपत्र, आणि वाढप्याच्या हातावर ठेवली जाते ती बक्षिसी. तिन्ही ठिकाणी देणाऱ्याची इच्छा गृहीत आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात तर दान स्वेच्छेने आणि मोबदल्यावाचून दिलेले असावे, असेच सांगितले आहे. हाच अर्थ मनात असलेला मराठी वाचक बिलावरचा 'बक्षिसी, सात दिवस' असा मजकूर वाचून अडखळला, तर तो दोष वाचकाचा नव्हे.

'ग्रॅच्युइटी'ची कथा अधिक मौजेची आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'आपखुशीने, मोबदला न घेता दिलेले' असा आहे. आपल्याकडे मात्र १९७२ च्या कायद्याने पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या कामगाराला, नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाच्या हिशेबाने, ही रक्कम हक्काची केली. शासकीय मराठीत तिला 'उपदान' म्हणतात. मालकाच्या मर्जीचा शब्द कामगाराच्या हक्काचा झाला, तो असा. जहाजावर याच शब्दाचे वेगळ्या दिशेने स्थलांतर झाले: तो प्रवाशाच्या मर्जीकडून कंपनीच्या हिशेबाकडे गेला.

'टिप' या शब्दाबद्दल थोडे विषयांतर करतो. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमानुसार अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ व्हायला हवा, आणि 'टीप' लिहिली की ती तळटीप होते, शिवणयंत्राची टीप होते किंवा पोलिसांना दिलेली टीप होते. ऱ्हस्व लिहून सामान्यरूप केले तर 'टिपेचा' होतो आणि गाणाऱ्याचा टिपेचा सूर आठवतो. अनेकवचनी 'टिप्स' म्हणावे तर तो शब्द आता सल्ल्यांना लागला आहे. इंग्रजीत हा शब्द 'टू इन्शुअर प्रॉम्प्टनेस'च्या आद्याक्षरांवरून आला, असे जे वारंवार सांगितले जाते, ती मागाहून रचलेली गोष्ट आहे. 'हळूच हातात देणे' या अर्थाचे ते जुने बोलभाषेतले क्रियापद आहे.

दुसरा प्रतिसाद

माझे माहेर गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातले. आमच्याकडे जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात. मराठीतल्या 'तारू' शब्दाचाच हा आप्त. आमच्या वाड्यावर घरटी एखादा तरी तारवटी असतोच आणि मुंबईत धोबीतलावच्या गावकऱ्यांच्या 'कुडीं'मध्ये, म्हणजे गावागावांच्या सामायिक बिऱ्हाडांत, जहाजाची वाट पाहत दिवस काढलेली माणसेही पुष्कळ आहेत. माझे मोठे भाऊ एका परदेशी कंपनीच्या जहाजावर खोल्यांची व्यवस्था पाहत असत, म्हणून या शब्दामागचा व्यवहार मला घरातून ठाऊक आहे.

पूर्वी सफरीच्या शेवटच्या रात्री प्रत्येक खोलीत लहान पाकिटे ठेवली जात: एक खोली आवरणाऱ्यासाठी, एक जेवणाच्या मेजावरच्या वाढप्यासाठी, एक त्याच्या मदतनिसासाठी. जेवणाचे मेज, वेळ आणि वाढपी सातही दिवस तेच असल्याने कोणाच्या हातात काय ठेवायचे, हे प्रवाशाला ठाऊक असे. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने कुठेही, केव्हाही जेवण्याची पद्धत सुरू केली आणि अशीच मोकळीक पुढे इतर कंपन्यांनीही दिली. रोज वेगळ्या मेजावर वेगळा वाढपी येऊ लागल्यावर पाकीट द्यायचे कोणाला, असा प्रश्न उभा राहिला आणि दैनिक रक्कम आपोआप नावे टाकण्याच्या रिवाजाला त्यातून बळ मिळाले. भावाला शेवटच्या रात्रीची ती पाकिटे आठवतात, तशी धुलाईघरातल्या मुलांची तोंडेही आठवतात. पाण्याच्या पातळीखाली दिवसभर चादरी इस्त्री करणाऱ्याला कोणत्याही प्रवाशाने कधी पाकीट दिले नव्हते. सामायिक जमा रकमेत त्याचा वाटा पडू लागला, हा फरक तो नेहमी आवर्जून सांगतो.

सेवेवर काय परिणाम झाला, असे लोक विचारतात. टॉवेलाची घडी घालून केलेला हत्ती पलंगावर ठेवण्याचा शिरस्ता बंद पडला नाही, असे भाऊ हसून म्हणतो. बदलले ते एवढेच की, प्रवाशाच्या हाताकडे पाहणारा नोकर आता सफरीनंतर भरल्या जाणाऱ्या अभिप्रायाच्या अर्जाकडे पाहतो. 'माझे नाव तेवढे लिहा, पूर्ण गुण द्या,' अशी विनंती शेवटच्या दोन दिवसांत दर दुसऱ्या माणसाकडून ऐकू येते, कारण पुढचा करार आणि बढती त्या नावावर अवलंबून असते. मला तर पाकिटाची मिंधेगिरी परवडली, असे वाटते. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांनी उपाहारगृहांतील टिपेचा दीर्घकाळ अभ्यास केला. सेवेच्या प्रतीशी टिपेच्या रकमेचा संबंध क्षीणच असतो, हा त्यातला ठळक निष्कर्ष आहे. तेव्हा 'टिप कापली म्हणून सेवा ढासळली' हे वाक्य मी तरी सहजासहजी मान्य करणार नाही.

तिसरा प्रतिसाद

शब्दाची निवड करताना कंपन्यांनी स्वतः कोणती नावे दिली आहेत, तेही पाहावे. रॉयल कॅरिबियन 'ग्रॅच्युइटी' म्हणते, नॉर्वेजियन 'सर्व्हिस चार्ज' म्हणते, तर हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस यांनी 'क्रू अप्रिसिएशन', म्हणजे चक्क 'कर्मचाऱ्यांचे कौतुक' असे नाव ठेवले आहे. दररोज, माणशी, डॉलरांत आकारले जाणारे कौतुक! रॉयल कॅरिबियनचा दर नोव्हेंबर २०२४ पासून साध्या खोलीसाठी माणशी दररोज साडेअठरा डॉलर झाला. चौघांच्या कुटुंबाला सात रात्रींचे ५१८ डॉलर होतात. एवढ्या रकमेला नाव देताना मुलाम्याचा शब्द वापरणे वाचकाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल.

अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने २०१२ च्या निर्णयात टिप कशाला म्हणावे याच्या चार कसोट्या दिल्या: देणे सक्तीचे नसावे, रक्कम ठरवण्याचा पूर्ण अधिकार ग्राहकाचा असावा, ती मालकाच्या धोरणाने ठरलेली नसावी, आणि ती कोणाला मिळावी हे ठरवणे सर्वसाधारणपणे ग्राहकाच्या हाती असावे. यांतली एखादी कसोटी उतरली नाही, तर ती टिप आहे का, याबद्दल शंका उत्पन्न होते आणि ती रक्कम सेवाशुल्क ठरू शकते. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये उपाहारगृहांना सेवाशुल्क आपोआप बिलात घालण्यास मनाई करताना 'दुसऱ्या कोणत्याही नावाने' ते वसूल करू नये, असे स्पष्ट बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते निर्देश उचलून धरले. नावे बदलून रक्कम वसूल होते, याची खूणगाठ प्राधिकरणाने आधीच बांधली होती, म्हणायचे.

माझी सूचना 'सेवा आकार' अशी आहे. वीजबिलावर 'स्थिर आकार' आणि 'वहन आकार' दर महिन्याला वाचणाऱ्या मराठी माणसाला 'आकार' या शब्दातली अपरिहार्यता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

पहिला प्रतिसाद, पुन्हा

'सेवा आकार' मला मान्य आहे, परंतु एक हरकत नोंदवतो. वीजबिलातला स्थिर आकार ग्राहकाला कमी करून घेता येत नाही. जहाजावर मात्र अनेक कंपन्यांत प्रवासी स्वागतकक्षात जाऊन ही रक्कम कमी किंवा रद्द करून घेऊ शकतो. म्हणजे सक्ती कायद्याची नसून संकोचाची आहे. प्रसूतिगृहातली आया 'मुलगा झाला, खुशी द्या' म्हणते आणि पन्नासाची नोट पुढे केली तर ती न घेता तशीच उभी राहते, तेव्हाची 'खुशी' आठवा. आपखुशीच्या शब्दाआड ठरलेला दर लपवण्याची कला आपल्याला परदेशातून शिकावी लागलेली नाही. त्या मानाने दिवाळीची 'पोस्त', म्हणजे नोकरचाकरांना सणाला द्यायची रक्कम, हा शब्द अधिक सरळ. घेणारा आणि देणारा दोघेही तिला वर्षाचा रिवाज मानतात. पण आज चाळिशीच्या आतल्या वाचकाला 'पोस्त' समजणार नाही आणि माहितीपत्रकात तळटीप देण्याची सोय नसते, म्हणून तो मोह मी सोडतो.

ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये ही दैनिक रक्कम बंद करून ती भाड्यातच धरली. तसे सर्वांनी केले, तर आपला प्रश्नच मिटेल.

विचारणा करणाऱ्याचे उत्तर

सर्वांचे आभार. मसुद्यातले वाक्य आता असे केले आहे: 'प्रत्येक प्रवाशाच्या खात्यावर दररोज सेवा आकार नावे टाकला जाईल, तो कमी-जास्त किंवा रद्द करावयाचा असल्यास जहाजावरील स्वागतकक्षात सांगावे.' दुसरा अर्धा भाग मूळ इंग्रजी मजकुरात बारीक टाइपात शेवटच्या पानावर होता, तो मी वर आणला आहे. संस्थेने हरकत घेतली तर पाहू.

'बक्षिसी' हा शब्दही वाया गेला नाही. पेयगृहाच्या पावतीवर १८ टक्के सेवा आकार आधीच धरलेला असतो आणि त्याखाली सहीच्या वर एक रिकामी ओळ असते, जिच्यात प्रवाशाने वाटल्यास आणखी रक्कम लिहायची असते. त्या ओळीपुढे मी 'बक्षिसी' लिहिले आहे.