सोनोग्राफीचा फोटो उडत चाललाय, हार्डडिस्क गेली, आता वहीतच लिहायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
गेल्या महिन्यात आमची हार्डडिस्क गेली. एक दिवस टकटक आवाज करत होती, दुसऱ्या दिवशी लॅपटॉपने ओळखच दाखवली नाही. लेकाचे २०१४ ते २०१६ चे सगळे फोटो त्यात, बॅकअप "करू करू" म्हणत राहिला तो राहिलाच (यावरून घरी बोलणी खाऊन झालीत, इथे नकोत :) ). आणि त्याच कपाटात खालच्या ट्रंकेत आजीने १९७८ मध्ये गुहागरहून आईला पाठवलेली इनलँड पत्रं आहेत, ती मात्र आजही खडाखडा वाचता येतात. वर श्री, मग अनेक आशीर्वाद, मग मोहोर किती धरला, गाय कधी व्याली. जागा संपली की आजी कडेकडेने उभं लिहायची आणि नेमक्या त्या ओळी पत्र फोडताना फाटल्यात, त्यात काय होतं ते आता आईलाही आठवत नाही.

तर ठरवलंय की लेकासाठी एका वहीत हाताने लिहायचं, तो काय बोलायचा, कशावरून रुसायचा वगैरे, आणि निवडक फोटो छापून चिकटवायचे. पण कागद कुठला घ्यावा, जेल पेन चालेल का, आणि मुख्य म्हणजे सोनोग्राफीचा प्रिंट पार फिकट झालाय तो लॅमिनेट करून टाकू का? ठाण्यात राहते, पावसाळ्यात कपाटाला बुरशी येते हेही लक्षात घ्या.

शाईचा डाग:
थांबा ताई, लॅमिनेट अजिबात करू नका!! तो थर्मल कागद असतो, एटीएमच्या पावतीसारखा, उष्णता लागली की काळा पडतो. माझ्या बहिणीने केलं, बाळाच्या जागी नुसता काळा चौकोन. आधी आजच्या आज ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मग स्टुडिओतून फोटो पेपरवर प्रिंट काढा. मूळ प्रिंट अंधारात ठेवा, तो उडणारच आहे.

वाशिष्ठीकाठचा:
पेनाचं मी सांगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा वडिलांच्या डायऱ्या दीड दिवस पाण्यात होत्या. शाईच्या पेनाने लिहिलेली वर्षं निळं पाणी होऊन गेली, बॉलपेनची बरीच वाचली, आणि शिसपेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशोब जसाच्या तसा! आठवणी गेल्या आणि अर्धा लिटर म्हशीचं राहिलं. जेल पेन घ्यायचंच असेल तर पिगमेंट इंकवालं बघा, साधं पाण्यात पसरतं. आणि अल्बम खालच्या फळीत ठेवू नका.

रुमाल:
कागद अ‍ॅसिड-फ्री घ्या, आर्टच्या दुकानात मिळतो, नाहीतर पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत चक्कर मारा. सेलोटेप नको, पिवळी पडून डाग सोडते, फोटोला कागदी कोपरे लावा. चिकट पानांचे जुने अल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका, पातळ दोरा मागून हळूहळू सरकवायचा. बाकी आपले जुने लोक पोथी सुती कापडात बांधून वेखंडाचा तुकडा टाकायचे, पेशवे दफ्तरातले कागदही रुमालातच बांधलेले. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलंत तर दमट हवेत आतच बुरशी धरेल.

धागाकर्ती:
खूप आभार सगळ्यांचे. सोनोग्राफी स्कॅन केली, नाकाचा शेंडा तेवढा ओळखू येतो. बॉलपेन घेऊन बसले पण पहिल्याच पानावर अडलेय, तो 'पंखा'ला काहीतरी गमतीशीर म्हणायचा, व्हिडिओ होता त्याचा, हार्डडिस्कमध्ये. नवऱ्याला आठवत नाही, सासूबाई म्हणतात "खंपा", आईच्या मते "पंपा". दोन्ही लिहून ठेवू का?

वाशिष्ठीकाठचा:
दोन्ही लिहा. आणि कोण काय म्हणालं तेही लिहा.