‘रेशियल डिस्पॅरिटी’ आणि ‘मेडिकल मिसट्रस्ट’ : मराठीत काय लिहावं?

टाकदौत
अमेरिकी आरोग्य-संशोधक थॉमस लाव्हीस्ट यांच्या संशोधनावर मराठीत लेख करायचा आहे. अमेरिकेतल्या काळ्या आणि गोऱ्या लोकांच्या आरोग्यात एवढं अंतर का, आणि दवाखान्यांवरच्या अविश्वासाचा त्यात वाटा किती, हा विषय. ‘वांशिक आरोग्य विषमता’ आणि ‘वैद्यकीय अविश्वास’ असे शब्द तूर्त घातलेत. वाचताना दोन्ही ठिकाणी खडा लागतो. कुठे चुकतंय?

कोशकिडा
पहिला खडा ‘वांशिक’चा आहे. मराठीत वंश म्हणजे आधी कूळ. वंशाचा दिवा, वंशवेल, निर्वंश होणे. त्यामुळे ‘वांशिक आजार’ वाचलं की डोक्यात येतं ते आनुवंशिक, म्हणजे रक्तातून उतरलेलं. लाव्हीस्ट आणि त्यांच्या क्षेत्रातली मंडळी नेमकं याच्या उलट सांगतात: हे अंतर रक्तातून आलेलं नाही, वागणुकीतून आणि परिस्थितीतून आलेलं आहे. म्हणजे तुमचा शीर्षकातला शब्दच लेखाला खोटं पाडतो. विशेषण टाळा. ‘वंशभेदामुळे आरोग्यात पडलेली तफावत’ लिहा. लांब आहे, पण ‘भेदामुळे’ म्हटल्यावर कारण जागच्या जागी बसतं.

शाईडाग
‘वर्ण’ का नको? वर्णभेद, वर्णद्वेष हे शब्द रुळलेले आहेत.

कोशकिडा
‘वर्णभेद’ चालेल, सुटा ‘वर्ण’ नको. ‘वर्णानुसार मृत्युदर’ लिहिलंत की निम्म्या वाचकांना चातुर्वर्ण्य आठवणार. कुणी ‘जातीय’ सुचवण्याआधीच सांगतो, त्या शब्दाला वर्तमानपत्रांनी दंगलीला जुंपलंय. लोकांसाठी ‘काळे अमेरिकी’ सरळ आहे. ‘कृष्णवर्णीय’ सभ्य वाटतो खरा, पण दर वाक्यात आला की लेख परिपत्रकासारखा वाटायला लागतो.

नाडीपरीक्षा
‘वांशिक’मुळे काय घोळ होतो याचं हे एक रोकडं उदाहरण. मूत्रपिंड किती काम करतंय याचा अंदाज रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून सूत्राने काढतात; आकडा जितका कमी, तितकं मूत्रपिंड निकामी. 2009च्या सूत्रात रुग्ण काळा असेल तर उत्तराला 1.159ने गुणायचे. म्हणजे गोऱ्या माणसाचा आकडा 18 आला, तर तेवढंच क्रिएटिनिन, वय आणि लिंग असलेल्या काळ्या माणसाचा जवळजवळ 21. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीवर प्रतीक्षाकाळ मोजायला लागतात तो आकडा 20 किंवा त्याखाली आल्यावर. गोरा रांगेत लागला, काळा बाहेरच. 2021मध्ये हा गुणक काढून टाकलेलं नवं सूत्र आलं. तोवर ‘वंश’ हा सामाजिक शिक्का प्रयोगशाळेच्या कागदावर शरीराचा गुणधर्म म्हणून छापला जात होता.

आता ‘तफावत’ की ‘विषमता’ याबद्दल. दोन्ही ठेवा, पण अदलाबदल करू नका. ‘फरक’ हा नुसता फरक: पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग होतो, स्त्रियांना होत नाही. ‘तफावत’ हा हिशेबातला शब्द आहे. रोख आणि वही जुळायला हवी होती, जुळली नाही, तर तफावत. डिस्पॅरिटीला तो चपखल बसतो, कारण अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2002च्या अहवालात उपचारांच्या दर्जातली डिस्पॅरिटी जवळपास अशीच मोजली होती. विमा आहे-नाही, दवाखाना परवडतो का, आजाराची गरज काय, रुग्णाची पसंती काय, हे सगळं वजा करायचं आणि तरीही जे उरतं ती तफावत. ‘विषमता’ म्हटलं की निवाडा आला. ब्रिटिश आरोग्य-संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी इनइक्विटीला, म्हणजे अन्यायाच्या फरकाला, तीन अटी घातल्या होत्या: अनावश्यक, टाळता येण्याजोगी, अन्याय्य. तिथे ‘विषमता’. आकड्यांच्या परिच्छेदात तफावत, निष्कर्षात विषमता.

शाईडाग
आणि अविश्वास? मी एका मसुद्यात ‘काळ्या समाजात डॉक्टरांविषयी गैरसमज आहेत’ असं वाचलं.

नाडीपरीक्षा
तो शब्द पहिला खोडा. गैरसमज म्हणजे समजणाऱ्याची चूक. ऑक्सिजन मोजायची बोटावरची क्लिप घ्या. डिसेंबर 2020मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिशिगनमधल्या अभ्यासात, क्लिप 92 ते 96 टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात 88 टक्क्यांपेक्षा कमी ऑक्सिजन आहे, असं काळ्या रुग्णांच्या 11.7 टक्के मोजण्यांत निघालं. गोऱ्यांत 3.6 टक्के. गडद त्वचेत प्रकाश वेगळा शोषला जातो आणि यंत्र जास्तीचा आकडा देतं. ‘मला दम लागतोय, तुमचं यंत्र काहीही म्हणू दे’ म्हणणाऱ्या माणसाचा हा गैरसमज कसा?

टाकदौत
मग ‘विश्वास उडाला’? मराठीत तेच सहज येतं.

कोशकिडा
सहज येतं आणि फसवतं. उडायला आधी बसलेला लागतो. वैद्यक-इतिहासकार व्हनेसा नॉर्दिंग्टन गॅम्बल यांनी 1997च्या लेखात हाच मुद्दा मांडलाय: टस्कीगीपासून (काळ्या पुरुषांना औषधाविना ठेवणारा सरकारी सिफिलिस-अभ्यास) अविश्वास सुरू झाला ही सोपी गोष्ट चुकीची आहे, मुळं गुलामगिरीच्या काळात जातात. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत मॅरियन सिम्स हा डॉक्टर 1840च्या दशकात गुलाम स्त्रियांवर भूल न देता पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करत होता. चिरफाडीसाठी रात्री माणसं पळवणाऱ्या ‘नाइट डॉक्टरां’च्या कहाण्या दक्षिणेत घरोघरी होत्या. तेव्हा ‘टस्कीगीमुळे अविश्वास निर्माण झाला’ असं लिहू नका. ‘टस्कीगीने जुन्या संशयावर शिक्कामोर्तब केलं’ म्हणा.

नाडीपरीक्षा
थोडी दुरुस्ती. मार्सेला अल्सान आणि मॅरिएन वानामेकर या अर्थतज्ज्ञांनी 2018मध्ये दाखवलं की 1972ला टस्कीगीचं प्रकरण उघडकीस आल्यावर वयस्क काळ्या पुरुषांचं डॉक्टरकडे जाणं कमी झालं, आणि टस्कीगी ज्यात येतं त्या मेकन परगण्याच्या जवळ राहणाऱ्यांत जास्त. 45व्या वर्षी पुढे अपेक्षित असलेलं आयुष्य दीड वर्षापर्यंत घटलं, असा त्यांचा अंदाज. म्हणजे उडण्याजोगं काहीतरी होतं. ‘होता नव्हता तो विश्वासही गेला’ हे दोघांनाही पुरतं.

कोशकिडा
हे मान्य.

शाईडाग
टस्कीगीबद्दल लिहिताना क्रियापदं सांभाळा. ‘सरकारने काळ्यांना सिफिलिस टोचला’ असं सर्रास ऐकू येतं. तसं झालेलं नाही. 1932 ते 1972 या काळात 399 आजारी आणि तुलनेसाठी 201 निरोगी पुरुष निरीक्षणाखाली होते. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, आणि 1947च्या सुमारास पेनिसिलिन हा मान्य उपचार झाल्यावरही ते दिलं नाही. क्रियापद ‘टोचला’ नाही, ‘औषधाविना ठेवलं’. चुकीचं क्रियापद वापरलं की कुणीतरी तेवढंच खोडून काढतो आणि बाकीचं खरंही त्याबरोबर वाहून जातं.

आणखी एक. त्या पुरुषांना ‘बॅड ब्लड’ झालंय असं सांगत. अशक्तपणापासून सिफिलिसपर्यंत सगळं त्या स्थानिक शब्दात मावायचं. ‘उपदंश’, म्हणजे सरळ सिफिलिस, लिहिलंत तर फसवणूकच पुसली जाईल, कारण लपवलं होतं ते नेमकं हेच नाव. ‘गरमी’ही नको, तो शब्द ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. ‘रक्तदोष’ किंवा ‘रक्त बिघडलंय’ जमेल. खाजखरूजेपासून काहीही त्यात घालता येतं, तीच त्याची लायकी. पाठीच्या कण्यातून पाणी काढायच्या तपासणीला पत्रात ‘खास मोफत उपचार’ म्हटलं होतं. तिथे ‘उपचार’ अवतरणातच ठेवा.

टाकदौत
अविश्वास मोजणारी लाव्हीस्ट यांची प्रश्नावली लेखात चौकटीत द्यायची आहे. सात विधानं आहेत.

नाडीपरीक्षा
तिथे सगळ्यात मोठा सापळा म्हणजे ‘डॉक्टर’. विधानं डॉक्टरांबद्दल नाहीत, आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थांबद्दल आहेत. माझ्या डॉक्टरवर माझा भरवसा असेल आणि हॉस्पिटलवर अजिबात नसेल, हे शक्य आहे. आपल्याकडे ‘संस्था’ म्हटलं की शिक्षणसंस्था किंवा पतसंस्था, म्हणून ‘हॉस्पिटलं-दवाखाने’ लिहा. तुमच्या हातातल्या आवृत्तीत ‘तुमच्या बिझनेसबद्दल’ गरजेपेक्षा जास्त जाणून घेतात असं विधान असेल, तर जपून. तिथे ‘धंदा’ किंवा ‘व्यवसाय’ आला तर संपलंच. ‘नसत्या चौकशा करतात’ एवढंच. खाजगी माहिती नेहमीच पूर्ण गुप्त ठेवत नाहीत, या विधानावर ‘असहमत’ म्हणायचं म्हणजे दोन नकार. ‘कधीकधी माहिती बाहेर फोडतात’ असं केलं की उत्तर देणारा अडखळत नाही, पण आरोप मूळापेक्षा जड होतो. ‘माहिती कधीकधी बाहेर जाते’ इतपत ठेवा. मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजी करून घ्या आणि पाच-सहा जणांना मोठ्याने वाचून दाखवा. जिथे ‘म्हणजे?’ विचारतील तिथे शब्द बदला.

निष्कर्षांना मात्र मराठी तयार आहे. 2009च्या लाव्हीस्ट यांच्या बाल्टिमोरमधल्या अभ्यासात ज्यांचा अविश्वास जास्त, ते चार गोष्टी जास्त करताना दिसले: डॉक्टरांचा सल्ला न पाळणं, पुन्हा दाखवायला न जाणं, चिठ्ठीवरची औषधं न आणणं, आणि गरज असूनही उपचार पुढे ढकलणं. शेवटच्याला ‘दुखणं अंगावर काढणं’.

शाईडाग
‘अंगावर काढणं’मध्ये सोसण्याचं कौतुक डोकावतं. पैसे नसतात म्हणूनही लोक अंगावर काढतात.

नाडीपरीक्षा
मग पहिल्यांदा ‘अविश्वासापोटी दुखणं अंगावर काढतात’ असं कारणासकट लिहा, पुढे नुसतं चालेल.

टाकदौत
चौकटीचं शीर्षक ‘वैद्यकीय अविश्वास’च ठेवू?

कोशकिडा
नको. अविश्वास वैद्यकीय नसतो, वैद्यकावरचा असतो. ‘दवाखान्यांवरचा अविश्वास’ ठेवा.