रविवारी दुपारी, सोसायटीच्या ग्रुपवर

बी-१०१ जाधव काका, ११:५२
सेक्रेटरी साहेब, आमचे दाजी इचलकरंजीहून आलेत आणि वीस मिनिटं झाली गेटबाहेर उभे आहेत. ओटीपी येईना. वॉचमन म्हणतोय ॲपमध्ये 'हो' आल्याशिवाय बूम उचलायचा नाही असा साहेबांचा हुकूम आहे. घरच्या जावयाला गेटवर उभं करायचं ही कुठली पद्धत?

सी-२०४ प्रणव
काका काल रात्री ॲपचं अपडेट आलंय तेव्हापासून गंडलंय. सकाळी दूधवाल्याला पण अर्धा तास थांबवलेलं.

ए-३०२ पाटील वैनी
तेच ॲप मला मेंटेनन्स थकीत दाखवतंय आणि वर २५० रुपये दंड. मी ३ तारखेला पैसे भरलेत.

सेक्रेटरी शिंदे
सर्व सभासदांना नम्र विनंती, कृपया संयम ठेवावा. कंपनीला मेल केलेला आहे. 🙏

बी-१०१ जाधव काका
मेल पोचेपर्यंत पांढरा रस्सा गार होतोय. परत उकळला की फाटतो, नारळाचं दूध असतंय त्यात. हे पण लिहा मेलमध्ये.

ए-१०३ देसाई सर
शुभ रविवार. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला २०२५ मध्ये स्वतः म्हणालेत की त्यांच्या काही प्रोजेक्टमधला २० ते ३० टक्के कोड एआयच लिहितं. काळाबरोबर चालावे लागते. जरूर वाचा, पुढे पाठवा.

बी-१०१ जाधव काका
सर, तुम्ही चाला काळाबरोबर. आमचे दाजी उभे आहेत.

बी-४०१ ओंकार
काका मी एका रात्रीत आपलं ॲप बनवून देतो, फुकट. व्हाइब कोडिंग. आपण नुसतं सांगायचं कसं पाहिजे, एआय लिहितं सगळं, कोड बघायचा पण नाही

ए-३०२ पाटील वैनी
एका रात्रीत तुझं सबमिशन होत नाही ओंकार, काल तुझी आई लिफ्टमध्ये सांगत होती. मी काही बोललो नाही तेव्हा.

सी-२०४ प्रणव
ओंक्या, व्हाइब कोडिंग हा शब्द ज्यानं काढला ना फेब्रुवारी २०२५ मध्ये, आंद्रे कार्पाथी, त्यानं तिथंच लिहिलेलं की सुट्टीच्या दिवशी करून टाकून द्यायच्या प्रोजेक्टला बरं आहे हे. आणि त्याच जुलैत रेप्लिट नावाच्या कोडिंगच्या ॲपमधल्या एआयनं एका माणसाचा चालू डेटाबेस पुसून टाकला, कशाला हात लावू नको म्हणून बजावलेलं असताना. वर सांगतंय की आता परत आणता येणार नाही. त्यानं करून बघितलं तर आला की परत.

बी-१०१ जाधव काका
म्हणजे आमच्या नव्या हेल्परसारखंच. पाडायचं आणि वर आपणच सांगायचं दुरुस्त होत नाही म्हणून.

ए-३०२ पाटील वैनी
मी ३ तारखेला पैसे भरलेत. दंड कोण काढणार?

सेक्रेटरी शिंदे
वहिनी, ॲपमध्ये नोंद नाही. मोठमोठ्या कंपन्यांचेही बंद पडते हे सभासदांनी लक्षात घ्यावे. २० ऑक्टोबर २०२५ रोजी प्रत्यक्ष ॲमेझॉनचे सर्व्हर बंद पडले होते.

सी-२०४ प्रणव
हो, त्यांचेच दोन ऑटोमॅटिक प्रोग्राम एकमेकांच्या पायात आले आणि सर्व्हरच्या पत्त्यांची नोंद कोरी झाली. सर्व्हर जागच्या जागी, पत्ता कुणालाच माहीत नाही. अमेरिकेत लोकांच्या इंटरनेटवर चालणाऱ्या गाद्या गरम होऊन बसल्या रात्रभर.

बी-१०१ जाधव काका
गादीला इंटरनेट?

ए-३०२ पाटील वैनी
कापूस पिंजून घ्या म्हणावं.

बी-४०२ कुलकर्णी काकू
विषय निघालाच आहे तर विचारते, पांढरी गाडी आठवडाभर व्हिजिटर पार्किंगमध्ये आहे. वर्क फ्रॉम होम म्हणजे घरात बसून जागा राखणे असते का? कोणाला उद्देशून नाही.

सी-२०४ प्रणव
काकू माझ्या जागेवर तुमच्या कुंड्या आहेत. कोणाला उद्देशून नाही.

ए-१०३ देसाई सर
वाद नको. आयटीवाल्यांचे दिवस असेही कठीण आहेत. टीसीएसने २०२५ च्या जुलैत १२ हजारांवर माणसे कमी करणार असे सांगितले, २ टक्के. एआयमुळे.

सी-२०४ प्रणव
सर त्यांचे सीईओ म्हणालेले एआयमुळं नाही, माणसांचं कौशल्य आणि काम जुळत नाही म्हणून.

ए-१०३ देसाई सर
काढलेल्याला काय फरक पडतो?

सी-२०४ प्रणव
ते बाकी खरं.
पण त्याच महिन्यात मेटर नावाच्या संस्थेचा एक अभ्यास आला, १६ मुरलेले प्रोग्रामर, रोजच्या सवयीचंच काम. एआय घेऊन केलं तर १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि त्यांना स्वतःला विचारलं तर म्हणतायत आम्ही २० टक्के लवकर उरकलं

ए-३०२ पाटील वैनी
आमचे हे रविवारी महाद्वार रोडनं शॉर्टकट मारतात तसं झालं. पोचतो उशिरा आणि म्हणतात बघ कसं आणलं.

बी-१०१ जाधव काका
प्रणव, चेष्टा राहू दे, मला एक सांग. रात्री अपडेट सोडायच्या आधी कोण बघत नाही का? मी शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं काढली. नवीन पॅटर्न आला की आधी एक नग ओतायचा. गार झाला की फोडून बघायचा, आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, आहे का, वाळू कुठं धरलीय का, मग एक मशीनिंगला देऊन बघायचा, तिथनं ओके आलं की पुढची हीट, म्हणजे भट्टीचा पुढचा घाणा. पहिल्याच दिवशी हजार नग ओतले असते तर मालकानं मलाच भट्टीत घातलं असतं.

सी-२०४ प्रणव
काका तुम्ही आत्ता जे लिहिलं ना ते आमच्या मॅनेजरला पाठवतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकनं हेच केलं नाही. कॉम्प्युटरला व्हायरसपासून राखणारं सॉफ्टवेअर त्यांचं, आणि अपडेट सोडलं एकदम सगळ्या जगात. फाईलमध्ये सांगितलेलं २१ व्या खणात बघ, आणि प्रोग्रामकडं खण २०च. तो एकविसावा शोधायला गेला आणि विंडोज आडवं. ८५ लाख मशीन निळ्या पडद्यावर. चूक त्यांनी दीड तासाच्या आत मागं घेतली पण जी पडली ती एकेक हातानं उठवावी लागली, माणसं पाठवून. आपल्या विमानतळांवर पेनानं लिहून बोर्डिंग पास दिले त्या दिवशी.

बी-१०१ जाधव काका
एक नग ओतून बघितला असता तर?

सी-२०४ प्रणव
तर एक मशीन पडलं असतं. नंतर त्यांनी तेच चालू केलं, आधी थोड्यांना द्यायचं, मग सगळ्यांना.

बी-१०१ जाधव काका
आमचा मिस्त्री सातवी पास होता.
आणि बघा, शेवटी पेनच. वॉचमनला वही द्या परत.

सेक्रेटरी शिंदे
वही बंद करण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत एकमताने मंजूर आहे. अनुमोदक: जाधव, बी-१०१.

बी-१०१ जाधव काका
तेव्हा भजी आलेली. गडबडीत हात वर गेला.

ए-३०२ पाटील वैनी
मी ३ तारखेला पैसे भरलेत.

बी-४०१ ओंकार
वैनी स्क्रीनशॉट टाका ना पेमेंटचा

ए-३०२ पाटील वैनी
मला ते स्कॅन वगैरे जमत नाही, चेक दिला मी. साहेब घरी नव्हते, केबिनमध्ये मामांकडे दिला.

बी-१०१ जाधव काका
दाजींनी फोटो पाठवलाय. रंकाळ्यावर भेळ खात बसलेत. आता जेवणार काय, कपाळ.

वॉचमन मामा
📷 फोटो

सी-२०४ प्रणव
मामांनी वहीचं पान टाकलंय, उलटं आहे, मी वाचतो थांबा.
"ता. ३. दुधवाले ६.१०. बी ४०१ पारसल, पोरगं झोपलंय, परत पाठवलं. ४०२ काकू कुंड्या २ खाली आणल्या. ३०२ वैनी चेक दिला, पाकीट. सायेब आले ७.२०, पाकीट हातात दिलं." पुढं सही आहे.

बी-१०१ जाधव काका
सही कुणाची ते पण वाच.

वॉचमन मामा
सायेब रागवू नका वही मी बंद केली नवती ॲप ला रेंज नसती केबिन मदे

ए-३०२ पाटील वैनी
शिंदे साहेब?

ए-३०२ पाटील वैनी
शिंदे साहेब ऑनलाइन दिसताय.

सेक्रेटरी शिंदे
पाकीट ड्रॉवरमध्ये आहे. बँकेत भरायचे राहून गेले. दिलगीर आहे.

बी-४०१ ओंकार
म्हणजे ॲप बरोबर होतं 😂

सी-२०४ प्रणव
दिवसभरात तेवढंच बरोबर होतं

ए-३०२ पाटील वैनी
आणि दंड?

सेक्रेटरी शिंदे
दंड आपोआप लागतो. तो काढायचे बटण माझ्याकडे दिसत नाही. कंपनीला मेल करतो.

ए-१०३ देसाई सर
शुभ दुपार.

बी-१०१ जाधव काका
दाजी परत आले. मामांनी बूम हातानं वर करून खाली वीट लावलीय, कोणी काढू नका. वैनी, डबा पाठवा ओंकारच्या हातानं. पांढरा फाटलाय, तांबडा ठीक आहे.