मदत हवी आहे: हवाई दल सोडून एअरलाइन, आत्ता की दोन वर्षांनी?

आम्ही निपाणीचे. धाकटा भाऊ हवाई दलात एएन-३२ हे मालवाहू विमान उडवतो. परमनंट कमिशन (कायमस्वरूपी अधिकारीपद), सेवा १८ वर्षं, वय ४०. पेन्शनला २० वर्षं लागतात, म्हणून थांबावं असं माझं ठाम मत. तो म्हणतो, एअरलाइनमध्ये ६५ पर्यंतच उडवता येतं, मग उशीर कशाला?

एटीपीएलचे (एअरलाइन पायलटच्या परवान्याचे) १५०० उड्डाण तास कधीच झालेत. डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक नियामकाचे) पेपर बाकी आहेत. सुट्टीवर आला की ताटाशेजारीही एअर रेग्युलेशनचं पुस्तक उघडं असतं. सांबऱ्याच्या (बेळगावजवळच्या हवाई दल तळाच्या) दोन निवृत्त अधिकाऱ्यांना विचारलं, दोघांची उत्तरं उलट. आईचं डायलिसिस बेळगावात चालू आहे, त्यामुळे बेंगळूरु किंवा पुण्यापलीकडचा बेस (नेमणुकीचं शहर) जमणार नाही.

चाळिशीनंतर असं कुणी गेलंय का? टाइप रेटिंगचा (ठरावीक विमान उडवण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च कुणी केला आणि पहिला बेस कुठला मिळाला?