बीई मेकॅनिकलनंतर खाजगी विद्यापीठातून ऑटोमोबाईलचं एमटेक करावं का?

सांगलीकर:
भाच्याचं यंदा बीई मेकॅनिकल झालं, आमच्याच भागातल्या कॉलेजातून, फर्स्ट क्लास आहे. चाकणच्या एका व्हेंडर (सुटे भाग पुरवणाऱ्या) कंपनीत ग्रॅज्युएट ट्रेनी म्हणून महिना २२ हजारांची ऑफर हातात आहे. पण त्याच्या डोक्यात पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात ऑटोमोबाईलचं एमटेक करायचं बसलंय. माझं मत स्पष्ट आहे, करू नये. दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं धरून ५ लाखांचं कर्ज काढावं लागणार, १० टक्क्यांनी ७ वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला ८,३०० च्या आसपास हप्ता, शिकत असतानाचं व्याज साठेल ते वेगळंच, आणि २२ हजारांच्या हिशोबानं दोन वर्षांचा ५ लाख २८ हजार पगार बुडाला तोही धरायलाच हवा. एवढं करून बाहेर पडल्यावर व्हेंडरच्या क्वालिटीतच उभं राहायचं असेल तर मग आजच का उभं राहू नये? ताई-दाजी त्याच्या शब्दाबाहेर नाहीत म्हणून इथं विचारतोय, पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

चाकण_थर्ड_शिफ्ट:
शंभर टक्के सहमत. मी डिप्लोमा करून लागलो, नोकरी करत डिग्री केली. आमच्या लाईनवर एमटेकवाले येतात त्यांना आणि बीईवाल्यांना पहिली दोन वर्षं एकच काम असतं, रिजेक्शनचा डेटा भरा, सप्लायरला फोन करा, ऑडिट आलं की फायली लावा. एचआरला शिक्का कुठला आहे ते दिसतं, बाकी काही नाही. मामा, एमटेक करायचंच असेल तर गेट (एमटेकच्या प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) देऊन पुण्याच्या सरकारी सीओईपीत किंवा आयआयटीत करू दे, महिना १२,४०० स्टायपेंड तरी मिळतो. खाजगीत फी आपण भरायची आणि वर काहीच नाही.

कोरेगावची:
दादा, स्टायपेंडचं अर्धवट सांगताय. ती रक्कम फक्त सरकारी कॉलेजला नसते. गेट क्वालिफाय होऊन एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाला मान्यता देणारी केंद्राची परिषद) मान्यता असलेल्या कोर्सला प्रवेश घेतला तर खाजगी संस्थेतल्या मुलांनाही मिळते. विद्यापीठाची स्वतःची सीईटी देऊन गेलं की मिळत नाही, आणि बहुतेक मुलं तशीच जातात, हा खरा घोटाळा आहे.

आता माझं सांगते. मी खाजगीतूनच केलंय, तेही ऑटोमोबाईलच. माझ्या बीईच्या कॉलेजात कॅम्पसला कोण यायचं, तर इन्शुरन्सवाले आणि कॉल सेंटर. एमटेकच्या दुसऱ्या वर्षी एका टेस्टिंग लॅबमध्ये प्रोजेक्ट मिळाला आणि तिथंच पुढचा रस्ता उघडला, आता मी ब्रेक कंट्रोलच्या व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे चाचण्या घेऊन पारखायच्या कामात आहे. मामा, तुमच्या हिशोबात पगार, व्याज सगळं आलं, पण मुलगा कुठल्या दारातून आत जातोय ते आलंच नाही. प्रॉडक्शनमधून डेव्हलपमेंटला जाणारे किती बघितलेत तुम्ही?

घाटरस्ता:
+१ ताईंना. लोक अजून ऑटोमोबाईल म्हणजे गिअरबॉक्स आणि पाना असंच धरून चाललेत. १ एप्रिल २०२० ला गाड्यांच्या धुराचं बीएस-६ मानक आलं, आपण बीएस-५ न घेता ४ वरून थेट ६ ला गेलो, तेव्हापासून कॅलिब्रेशनवाल्यांना, म्हणजे इंजिनच्या कंट्रोलरची सेटिंग बसवणाऱ्यांना, काय मागणी आहे ते बघा. आणि इलेक्ट्रिकमध्ये तर बीई मेकॅनिकलच्या सिलॅबसमध्ये नाहीत असे प्रश्न रोज येतात. एकच सांगतो. महाबळेश्वरला गाडी फुल चार्ज केली आणि पसरणी घाट उतरायला लागलात, रीजनरेशननं, म्हणजे मोटरनंच गाडी रोखताना, तयार होणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नाही, म्हणजे मोटरचं ब्रेकिंग कमी करून तेवढा भार त्याच क्षणी साध्या ब्रेकवर टाकायला लागतो आणि पायाखालच्या पेडलला फरक जाणवला नाही पाहिजे. हे करायला व्हेईकल डायनॅमिक्स पाहिजे, कंट्रोल पाहिजे, सिम्युलिंकसारखं सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर पाहिजे, कॅनचा (गाडीतल्या कंट्रोलरना जोडणाऱ्या नेटवर्कचा) लॉग वाचता आला पाहिजे. लाईनवर सप्लायरला फोन करत हे शिकणार कधी?

चाकण_थर्ड_शिफ्ट:
भाऊ तुमचा घाट मान्य, पण ते त्या विद्यापीठात शिकवतात का हा प्रश्न आहे. मी धाकट्या भावासाठी असल्याच एका ठिकाणी लॅब बघायला गेलो होतो. बाहेर काचेवर ईव्ही सेंटर ऑफ एक्सलन्स लिहिलेलं, आत एका स्कूटरचं कट सेक्शन, भिंतीवर बॅटरीचे पोस्टर आणि कोपऱ्यात सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन, त्याला रोप ब्रेक डायनॅमोमीटर. दोरी आणि स्प्रिंग बॅलन्स! आमच्या डिप्लोमाला हेच होतं. प्रयोगशाळेतल्या सरांना विचारलं कॅनचा डेटा घ्यायला काय वापरता, तर म्हणाले ते सगळं प्रोजेक्टच्या वेळी कंपनीत होतं. मग फी कशाची घेता?

जुना_मास्तर:
मी अशा एका संस्थेत शिकवलंय म्हणून लिहितोय. वरच्या प्रतिसादातली लॅब खोटी नाही, तशा आहेत. पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. वेल्लोरची व्हीआयटी खाजगीच आहे आणि तिचं ऑटोमोटिव्हचं एमटेक एआरएआयच्या सहकार्यानं चालत आलंय, ती एआरएआय म्हणजे १९६६ पासूनची आपल्या कोथरूडची, जिथं देशातल्या गाड्या मान्यतेसाठी तपासल्या जातात. म्हणजे सरकारी की खाजगी यापेक्षा दुसरं वर्ष कुठं जाणार हे विचारा. मागच्या दोन बॅचच्या प्रबंधांचे विषय मागा. प्रत्येकावर कंपनीतला गाईड कोण होता ते बघा. सगळे विषय सायलेन्सरचं अॅनालिसिस, चेसिसचं अॅनालिसिस असे कॉलेजच्या कॉम्प्युटरवर बसून केलेले दिसले तर तिथून उठून या. माझ्याच वर्गात वर्षानुवर्षं एकाच लीफ स्प्रिंगचा प्रबंध नावं बदलून फिरत होता, मला त्याचा फार त्रास व्हायचा, हुशार मुलं असायची हो ती.

अजून एक. मुलाला पुढं शिकवायचं असेल तर एमटेक लागतंच, असिस्टंट प्रोफेसरसाठी ती अट आहे. आरटीओत सहाय्यक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं असेल तर मात्र डिप्लोमावरही अर्ज करता येतो, त्यासाठी ५ लाख घालवू नयेत.

सांगलीकर:
सर, मोलाचं सांगितलंत. भाच्याला विषयांची यादी मागायला लावली, अॅडमिशन ऑफिसमधून "आधी सीट बुक करा, मग डिपार्टमेंटशी बोलणं करून देतो" असं उत्तर आलं. २५ हजार भरा म्हणतायत. आता सांगा यावर विश्वास कसा ठेवायचा? ताई, तुमचं भलं झालं याचा आनंदच आहे पण तुमच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं तेही सांगा.

कोरेगावची:
मामा, खरं सांगते, निम्म्यांना लॅबबिब काही मिळाली नाही. ती आज तुमच्या भाच्याला मिळतेय तसल्याच नोकरीत आहेत आणि हप्ते भरतायत. प्रोजेक्ट मिळाले ते बीईला असताना बाहाच्या (कॉलेजच्या मुलांनी गाडी बनवायची स्पर्धा) गाडीवर रात्र-रात्र काम केलेल्या मुलांना, कारण मुलाखतीत सस्पेन्शनचा हार्डपॉइंट (जोडणीचा बिंदू) का बदलला हे त्यांना सांगता आलं. तुमच्या भाच्यानं तसलं काही केलंय का? केलं असेल तर त्याला अडवू नका. पण पैसे भरायच्या आधी विषय दाखवत नाहीत त्या विद्यापीठात पाठवू नका, दुसरं बघा.

घाटरस्ता:
२५ हजार मुळीच भरू नका. पण त्या एका ऑफिसवरून एमटेकच नको हे मला पटत नाही. २२ हजारांच्या नोकरीत तीन वर्षं गेली की मुलगा पुस्तकाला हात लावत नाही, लग्नाचं बघायला लागतात घरचे, राहून जातं ते राहूनच जातं.

चाकण_थर्ड_शिफ्ट:
माझी डिग्री शिफ्ट करूनच झाली भाऊ, असं सरसकट राहून जात नाही. मामा, ऑफर घ्यायला लावा. गेटचे फॉर्म ऑगस्टच्या सुमारास सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत, स्कोर तीन वर्षं चालतो. सेकंड शिफ्ट मागून घेतली तर सकाळ मोकळी मिळते अभ्यासाला. खोलीचं मी बघतो, आमच्या इथं खराबवाडीत एक पोरगा पुढच्या महिन्यात सोडतोय.