मदत हवी आहे: दलाली घेणार नाही, हे लिहून कसं द्यायचं? (बडोदा)

राजमहाल_रोड: मंडळी, घाई आहे. मी बडोद्यात प्रॉपर्टीची दलाली करतो. ओळखीच्या एका काकूंचं घर विकून देतोय, एक पैसा न घेता. गिऱ्हाईक मिळालं, भाव ठरला, शनिवारी बानाखत (विक्रीचा आधीचा करार). आता काकूंचा पुतण्या उठलाय: "फुकट कोण करतं? समोरच्या पार्टीकडून खात असणार." फी घेणार नाही असं लिहून द्यायला टिकेल असा कागद हवाय. कुणाकडे फॉरमॅट असेल तर टाका. सल्ले नकोत.

चहा_खारी: आणि समोरच्याकडून खरंच काही घेत नाही ना? राग नको, पण दोन्हीकडून एक-एक टक्का हा इकडचा रिवाजच आहे. पुतण्याला शंका येणारच.

राजमहाल_रोड: नाही म्हणजे नाही. त्यांचा दलाल वेगळा आहे, त्याचं ते बघतील. फॉरमॅट?

नियमावली: आधी सांगा, रेरा नंबर (रिअल इस्टेट कायद्याखालचा एजंटचा नोंदणी क्रमांक) आहे का? नसेल तर फुकट करा नाहीतर विकत, दिवसाला 10,000 रुपये दंड आहे. 2016 चा कायदा वाचा.

वकीलकाका: नियमावली, तुम्हीच पुन्हा वाचा. कलम 9 मधली नोंदणीची सक्ती बिल्डर विकत असलेल्या, रेरात नोंदवलेल्या प्रोजेक्टसाठी आहे. काकूंचं जुनं घर त्यात येत नाही. शिवाय कायद्यातली एजंटची व्याख्याच मोबदला घेणाऱ्याची आहे.

नियमावली: तरी नंबर असलेला बरा. लोकांचा विश्वास बसतो.

वकीलकाका: बरा आहेच. सक्तीचा नाही, एवढंच म्हणतोय.

पुण्याहून_आलेला: आमच्या महारेराने तर एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केली आहे. तुमच्याकडे कुणीही पानाच्या टपरीवर उभं राहून घरं विकतो.

राजमहाल_रोड: धन्यवाद. मी टपरीवर नसतो.

मीना_कारेलीबाग: माझं ऐका, फी घ्याच. माझ्या भावाने एका ओळखीच्या घराला फुकटात भाडूत बघून दिला. पुढे गळका नळ, लाइटबिल, भाडूताची बायको माहेरी का गेली, सगळ्याला फोन त्यालाच. फुकटाला शेवट नसतो.

चहा_खारी: नाहीतर शगुनाचे 101 रुपये घ्या. मोबदल्याशिवाय करार पक्का होत नाही म्हणतात.

वकीलकाका: अर्धवट खरं. करार कायदा 1872, कलम 185: एजन्सी निर्माण व्हायला मोबदला लागत नाही. म्हणजे 101 ची गरज नाही. पण फुकट केलं म्हणून जबाबदारी सुटते असंही नाही. हयगय झाली तर 212 खाली भरपाई मागता येते. आणि काकूंना अंधारात ठेवून या व्यवहारात स्वतःचा धंदा केलात, तर तो फायदा 216 खाली काकू मागू शकतात. पुतण्याचं दुखणं हेच आहे. आता एक सांगा, घर कुठे आहे?

राजमहाल_रोड: जुन्या शहरात, पोळीत (जुन्या गल्लीतल्या वस्तीत). त्याचा काय संबंध?

वकीलकाका: अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागातल्या घरविक्रीला परवानगी लागणारा कायदा, लागतो?

राजमहाल_रोड: लागतो, त्यात काय सांगायचं! समोरचा दलाल म्हणाला, परवानगीचं नंतर बघू.

गोत्री_गाववाला: नंतर काय बघू? 1991 चा कायदा आहे. कलेक्टरची परवानगी नसेल तर दस्तावेज (खरेदीखत) फोल. अर्ज गेला की पोलिसांचा अभिप्राय, जबाब, सगळं होतं. आमच्या मावशीच्या घराच्या वेळी सगळ्या भावंडांना जाऊन जबाब द्यावे लागले. बानाखतात अट घालून घ्या: परवानगी आल्यावरच दस्तावेज, नाही आली तर बान्याची (इसाऱ्याची) रक्कम परत.

वकीलकाका: बरोबर. तिथे मुख्यतः दोनच गोष्टी बघतात, विक्री राजीखुशीची आहे का आणि भाव वाजवी आहे का. पुतण्या तिथे जाऊन "काकूंना गुंडाळलं" म्हणाला तर तुमचा कागद नुसता वाचला जाईल. त्यापेक्षा आलेल्या सगळ्या ऑफर त्याच्यापुढे ठेवा, कमीच्यासुद्धा, आणि बानाखतावर त्यालाच साक्षीदार करा.

सुरसागर_संध्याकाळ: पोळीतलं घर म्हणजे सागवानी खांब असतील ना? आमच्या दांडिया बाजारच्या घराचे कोरीव तुळया-खांब जुनं लाकूड घेणाऱ्याने वेगळे मोजून नेले. आजोबांनी खांबावर खिळ्याने कोरलेली माझी उंचीपण गेली. करारात लिहा, खांब घराबरोबर जाणार की काकूंचे.

राजमहाल_रोड: हे कामाचं आहे. झोपाळ्याच्या पितळी कड्यांवरूनच वाद चाललाय.

स्टॅम्पवाला: घर बायकोच्या एकटीच्या नावावर घ्या. गुजरातमध्ये बाईच्या नावाला 1 टक्का नोंदणी फी माफ, फक्त 4.9 टक्के स्टॅम्प भरायचा.

राजमहाल_रोड: अहो, आम्ही विकतोय!

वकीलकाका: घ्या तुमचा फॉरमॅट. साध्या कागदावर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार: "मी अमुक, श्रीमती अमुक यांच्या अमुक घराच्या विक्रीत त्यांच्या वतीने गिऱ्हाईक आणणे, दाखवणे व भावाची बोलणी करणे एवढे काम करीन. यासाठी त्यांच्याकडून, खरेदीदाराकडून किंवा कोणत्याही दलालाकडून रोख, वस्तू वा अन्य रूपाने काही घेतलेले नाही व घेणार नाही. घेतल्याचे आढळल्यास ती रक्कम त्यांना देणे लागेन. वकिलाची फी, अर्ज, झेरॉक्स व कचेरीतले हेलपाटे यात नाहीत." शेवटचं वाक्य मीनाताईंसाठी.

मीना_कारेलीबाग: तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

वाघोडिया_वन_बीएचके: मलापण फुकटात भाड्याने घर बघून द्याल का? मांजलपूरकडे, 2 बीएचके, नॉनव्हेज चालणारं.

राजमहाल_रोड: नाही. काका, कागद घेतला, आज टाइप करतो. अटही घालतो. प्रॉपर्टी कार्डावर अजून दिवंगत काकांचंच नाव आहे, ते दस्तावेजापर्यंत होईल ना?

वकीलकाका: हे आत्ता सांगताय? पेढीनामा (वारसांची वंशावळ) झालाय का? वारस किती?

राजमहाल_रोड: काकू आणि मुलगी. मुलगी कॅनडात असते, तिची हरकत नाही. पॉवर (मुखत्यारपत्र) पाठवते म्हणाली.

वकीलकाका: शनिवार पुढे ढकला. आधी वारसाई चढवा. तिकडे अटेस्ट झालेल्या पॉवरला इथे आल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प लावून घ्यावा लागतो. मुलगी एनआरआय असेल तर तिच्या हिश्श्याच्या टीडीएसला (खरेदीदाराने पैसे देताना कापायच्या कराला) 50 लाखांवर 1 टक्क्याचा नेहमीचा नियम लागत नाही, हे समोरच्या दलालाला आजच कळवा. आणि तिने तिकडचं नागरिकत्व घेतलंय का, ते विचारून इथे लिहा.