मदत हवी आहे: बग्गीला लावलेलं रेझिन चार दिवस झाले सुकत नाही

पारोळ्याचा पोऱ्या
नमस्कार मंडळी. बग्गीचं काम काढलंय घरीच. डाव्या मागच्या मडगार्डला वीतभर चीर होती, ती घासून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन मारलं. चार दिवस झाले, अजून चिकट. वर बोट लावलं की बोटाला येतं आणि खालचा थर तर डिंकासारखा हलतो. दुकानदार म्हणतो हार्डनर वाढवा, वाढवला, तरी तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी येतायत आणि मेव्हण्यांसमोर गेल्या आखाजीला मीच बोलून बसलोय की पुढच्या वर्षी बग्गी दारात उभी दिसेल, आता १२ दिवस राहिलेत. कोणी केलंय का असं काम? लवकर सांगा.

केळीचं खोड
लग्नाची बग्गी ना? आमच्या सावद्याकडे एक जण करतो, चाकंसुद्धा नवी बसवून देतो. रेझिनच्या भानगडीत पडू नका. सरळ सनमायका ठोका, वरून सोनेरी पेंट, लायटिंग सोडली की रात्री वरातीत कोण बघतं. एक घोड्याची आहे का दोन?

पारोळ्याचा पोऱ्या
घोड्याची नाही हो. मोटारवाली. डून बग्गी, वाळूत पळवायची उघडी गाडी. फायबरची.

शेवभाजी
पारोळ्यात डून बग्गी 😂 भो चालवशील कुठे? गिरणेच्या वाळूत? वाळू राहिली का पण तिथे, डंपरवाल्यांना विचारून घे आधी.

कूलरवाला जळगाव
मी फायबरचे कूलर, दरवाजे, टाक्या करतो, २० वर्षं झाली. तुम्ही काहीच सांगितलं नाही. रेझिन कुठलं? पॉलिस्टर का इपॉक्सी? किलोला हार्डनर किती मिली? कोबाल्ट आधीच मारलेलं होतं का वेगळं दिलं? मॅट किती जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, थर किती? हे सांगितल्याशिवाय कोणी सांगूच शकत नाही, जो सांगेल तो फेकतो.

पारोळ्याचा पोऱ्या
साधंच रेझिन आहे, दुकानात मिळतं ते. हार्डनर अंदाजाने, अर्धा मग रेझिनला एक झाकण. नंतर दोन झाकणं. मॅट पांढरी, विस्कटलेल्या धाग्यांची.

अमळनेरकर पुण्यात
पॉलिस्टर वापरूच नको मुळात. मी इथे ऑटोच्या लाईनीत आहे, आम्ही इपॉक्सीशिवाय कशाला हात लावत नाही. पकड जास्त, आकसत नाही, वास नाही. सगळं खरवडून काढ आणि इपॉक्सी मागव. एवढी जुनी गाडी आहे तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

कूलरवाला जळगाव
आले पुण्यातून. साहेब, त्याच्याकडे चॉप्ड मॅट आहे. त्या मॅटचे धागे ज्या पावडरने चिकटवलेले असतात ती पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते, म्हणून मॅट मऊ पडून वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट ताठच राहणार आणि मडगार्डच्या गोलाईवर फुगे धरणार. इपॉक्सीला विणलेलं कापड लागतं. आणि उद्या त्याला वरून जेलकोट, म्हणजे रंगाचा गुळगुळीत थर, मारायचा झाला तर तो पॉलिस्टरचा, इपॉक्सीवर तो नीट धरत नाही. इपॉक्सी चांगलं नाही असं म्हणत नाही, पण मूळ बॉडी पॉलिस्टरची आहे तर पॉलिस्टरनेच करावी.

अमळनेरकर पुण्यात
कूलरची टाकी आणि गाडीची बॉडी यात फरक असतो. पाणी धरून ठेवायचं नाहीये त्याला.

कूलरवाला जळगाव
बरं. मग तुम्ही या पारोळ्याला आणि लावून दाखवा.

जुनं लोखंड (धुळे)
भांडू नका. पोऱ्या, मडगार्ड राहू दे बाजूला, मला आधी एक माप दे. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लाव. इंजिन मागे आहे ना? हवेवर थंड होणारं?

पारोळ्याचा पोऱ्या
इंजिन मागेच. ८० इंच भरतंय, थोडं इकडेतिकडे. पण याचा रेझिनशी काय संबंध?

जुनं लोखंड (धुळे)
रेझिनशी नाही, तुझ्या जिवाशी आहे. फोक्सवॅगन बीटलचं अंतर साडेचौऱ्याण्णव इंच असतं. तुझं ८० म्हणजे बीटलचं फ्लोअरपॅन, म्हणजे खालचा पत्र्याचा पाया, मधून साडेचौदा इंच कापून परत जोडलंय. ही पद्धत कॅलिफोर्नियाच्या ब्रूस मेयर्सची. तो फायबरच्या बोटी बनवायचा, १९६४ साली त्याने पहिली मेयर्स मँक्स केली, बोटीसारखीच एकसंध फायबर बॉडी. नंतर खर्च कमी व्हावा म्हणून आखूड केलेल्या बीटलच्या पॅनवर बसणारे किट विकायला लागला. १९६७ ला मेक्सिकोतल्या बाजा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात यातल्या एका बग्गीने ३५ तासांच्या आत टोक गाठलं आणि मोटरसायकलवाल्यांचा रेकॉर्ड मोडला. मग जगभर नकला निघाल्या, खऱ्यापेक्षा नकलाच कितीतरी जास्त. तुझी खरी का नक्कल ते फोटोशिवाय सांगता यायचं नाही आणि त्याने फरकही पडत नाही. मुद्दा एवढाच की सीटखालचं कार्पेट काढ, मधल्या बोगद्यावर (पॅनच्या मधोमध जाणारा उंचवटा) आणि दोन्ही बाजूंना आडवा वेल्डिंगचा जोड दिसेल. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. आत गेला तर मडगार्ड कितीही चकाचक कर, पहिल्या खड्ड्यात गाडी मधून दुमडेल.

पारोळ्याचा पोऱ्या
कार्पेट नाहीच. जोड आहे. बघतो. मोठ्या काकांनी मुंबईहून ट्रकमध्ये टाकून आणलेली, मी लहान होतो. ते गेल्यापासून शेतातल्या शेडमध्ये होती, वर कडबा रचलेला. पण मंडळी रेझिनचं सांगा ना!!

शेवभाजी
कडब्याखाली कॅलिफोर्निया 🙏

केळीचं खोड
कागदं आहेत का पण? आरटीओ उचलून नेतील. माझ्या साडूने जीपला फक्त मोठी टायरं टाकली होती तर पावती फाडली.

भुसावळ लोको
कागदांचा नियम आहे. २०२१ पासून ५० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, १० वर्षं चालते. मात्र रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची.

जुनं लोखंड (धुळे)
अर्धाच नियम सांगितला. गाडी मूळ रूपात पाहिजे, चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही असंही त्यातच आहे. हिचं पॅनच कापलेलं. आता बग्गी म्हणूनच पहिली नोंदणी झाली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून काकांचं आरसी बुक शोध. जुन्या ट्रंकेत, एलआयसीच्या कागदांत बघ, तिथेच असतात.

भुसावळ लोको
मी अर्धा सांगितला कारण त्याने तोही विचारला नव्हता.

पारोळ्याचा पोऱ्या
मी खरंच यातलं काहीच विचारलं नाहीये. मला दारात उभी करायचीय फक्त.

नंदुरबारची रसायनताई
मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, गाड्यांतलं कळत नाही. पण कूलरवाल्या दादांनी पहिल्याच उत्तरात कोबाल्ट विचारलं होतं आणि त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. हार्डनर म्हणजे पेरॉक्साईड. ते आपल्या घरच्या तापमानाला स्वतःहून पुरेसं फुटत नाही, त्याला फोडायला कोबाल्ट लागतं. कोबाल्ट नसेल तर हार्डनर कितीही ओता, रेझिन आठवडाभर डिंकच राहील, उलट जास्तीच्या हार्डनरने पातळच होईल. दुकानदाराने किती बाटल्या दिल्या होत्या?

पारोळ्याचा पोऱ्या
दोन. एक पांढरी पाण्यासारखी, ती हार्डनर. दुसरी छोटी, जांभळी. मला वाटलं रंग आहे. बग्गी लाल करायचीय म्हणून मी ती उघडलीच नाही.

कूलरवाला जळगाव
तेच कोबाल्ट!!! जांभळंच असतं ते!! २० उत्तरं खर्ची घातली भाऊ तुम्ही.

शेवभाजी
धागा इतिहासात गेला. आमच्या आईने एकदा हिंगाची डबी अष्टगंध समजून देव्हाऱ्यात ठेवली होती, त्याची आठवण झाली.

नंदुरबारची रसायनताई
हसा नंतर. पोऱ्या, आता घाईने दोन्ही बाटल्या एका कपात ओतू नकोस. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचं, एकसारखा गुलाबीसर रंग आला की मगच हार्डनर. दोघांना वेगळी चमची, वेगळं मापटं, आणि दोन बाटल्या एका कप्प्यात ठेवायच्या नाहीत. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो. गॉगल घाल, शेतातला फवारणीचा चालेल.

कूलरवाला जळगाव
ताई बरोबर. आता जे लावलंय ते वाळायची वाट बघू नका आणि त्याच्यावर नवीन थर तर अजिबात देऊ नका. लोखंडी पट्टीने सगळं खरवडून काढा, ॲसिटोनच्या फडक्याने पुसा, ८० नंबरच्या पेपरने परत घासा. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा म्हणजे चीर पुढे सरकत नाही. आणि आतल्या बाजूने करा काम. चिरेपासून दोन्हीकडे दोन-तीन इंच उतार देऊन घासा, आधी लहान तुकडा मग मोठा असे तीन थर, ब्रशने दाबून दाबून हवा काढा. चीर बोल्टाजवळ आहे का? असेल तर तिथलं रबर गेलंय, फायबर थेट लोखंडावर आपटतंय, ते रबर घाला नाहीतर पुढच्या आखाजीला परत हाच धागा.

पारोळ्याचा पोऱ्या
बोल्टाजवळच आहे. रबर नाहीये, चपलेचा तुकडा आहे. काकांनीच लावला असणार. एक विचारू, थंडाव्याचा काही परिणाम होतो का? मी पडवीत काम करतो, बाहेर ४२ आहे म्हणून कूलर लावून बसतो.

कूलरवाला जळगाव
कूलर???

पारोळ्याचा पोऱ्या
हो, वाळ्याचा. तोंड बग्गीकडेच आहे, मी तिथेच बसतो ना.

कूलरवाला जळगाव
मी जन्मभर कूलर विकले पण आज पहिल्यांदा सांगतो, बंद करा. ओली हवा ओल्या रेझिनवर मारताय तुम्ही. वरचा थर पांढरट पडतो, चिकट राहतो. सकाळी ६ ला करा, कूलरशिवाय, ९ च्या आत आटपा.

अमळनेरकर पुण्यात
इपॉक्सी असतं तर

कूलरवाला जळगाव
इपॉक्सीलाही ओल चालत नाही साहेब.

पारोळ्याचा पोऱ्या
अपडेट. खरवडायलाच दीड दिवस गेला. आज कोबाल्ट घालून केलं पण सकाळी लाइट गेली म्हणून ग्राइंडर चालला नाही, सुरू करायला ११ वाजले. अर्धा मग बनवला, ब्रश दोनदा फिरवला असेल तोवर मगातच जेली झाली, मग धूर, मग प्लास्टिकचा मग बुडातून वितळून फरशीवर. आई म्हणते घर पेटवशील. शिवाय माझे कपडे तिने बाकीच्यांत धुतले, आता सगळं घर खाजवतंय, बाबा पण. काय करू?

भुसावळ लोको
खाज मॅटच्या काचेची आहे, चोळलं की ती आत बसते. गार पाण्याने न चोळता धुवा. पुढच्या वेळी घासण्याआधी हाताला भरपूर पावडर, पूर्ण बाह्या, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. मास्क कापडी नको, धुळीचा घ्या. हे मात्र मी रेल्वेच्या लोको शेडमध्ये शिकलोय, अंदाजाने नाही सांगत.

कूलरवाला जळगाव
धूर निघाला म्हणजे आता माल बरोबर आहे, फक्त उन्हाळ्याचं गणित चुकलं. झाकणं बंद. मेडिकलमधून दोन सिरिंज आणा. १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर १ मिली, त्याच्या खाली जाऊ नका, नाहीतर कच्चं राहतं. वेळ वाढवायचा तर कोबाल्ट कमी करा, अर्ध्या मिलीपासून सुरुवात करून आधी वाटीभर करून घड्याळ लावा, १५ मिनिटं मिळाली पाहिजेत. आणि प्लास्टिकचा मग नको, पसरट ताट घ्या. खोल भांड्यात उष्णता कोंडते, ताटात निसटते. एका वेळी १०० ग्रॅमच.

केळीचं खोड
मी अजूनही म्हणतो पत्र्याचं मडगार्ड बसवा. आमच्याकडे ट्रॅक्टरचं मिळतं.

जुनं लोखंड (धुळे)
फायबरला हिणवू नका. बंगलोरची सिपानी डॉल्फिन मोटार आख्खी फायबरची होती, ८२ साली आली, इंग्लंडच्या रिलायंट किटन गाडीवर बेतलेली. आमच्या ओळखीत एक होती, म्हशीने दाराला शिंग लावलं तर मालकाने दोन दिवसांत मॅट मारून रंगवून टाकलं, पत्रा असता तर डेंटिंगवाल्याकडे पंधरा दिवस. पोऱ्या, जोड टोचून बघितला का?

पारोळ्याचा पोऱ्या
काल सकाळी पावणेसहाला केलं, ताटात, सिरिंजने. झालं!!! दुपारपर्यंत खणखणीत, नाणं वाजवलं तर टणटण आवाज येतो, आधी भद भद येत होता. फक्त सगळ्यात वरचा पापुद्रा अजून किंचित चिकट आहे. कोबाल्ट परत कमी पडलं का?

नंदुरबारची रसायनताई
नाही, ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे. हवेला टेकलेला थर नेहमी थोडा चिकट राहतो, आतलं पक्कं असेल तर काळजी नाही. ॲसिटोनने पुसून घास. पुढच्या शेवटच्या थरावर प्लास्टिकचा जाड कागद दाबून बसव, हवा लागली नाही की गुळगुळीत येईल.

पारोळ्याचा पोऱ्या
सगळ्यांचे आभार. उरलेलं सांगतो. जुनं लोखंड दादा, जोड टोचला. बोगद्यावरचा पक्का आहे, उजवीकडचा पण. डावीकडे स्क्रू ड्रायव्हर दांड्यापर्यंत आत गेला. खाली बघितलं तर पत्रा नाहीच, अंडरकोटचा, म्हणजे गंजू नये म्हणून खालून मारलेल्या लेपाचा, नुसता पापड. म्हणून इंजिन सुरू करायचा विचार सोडला. आखाजीला विटांवर उभी केली पडवीत, मडगार्डला प्रायमर मारून. भाच्यांनी दिवसभर स्टेअरिंग फिरवलं, झोक्याकडे कोणी फिरकलं नाही. मेव्हणे म्हणाले चाकं कुठायत. आरसी बुक ट्रंकेत नाही, अजून एक पेटी काकूंकडे चाळीसगावला आहे.

जुनं लोखंड (धुळे)
सुटलास. वेल्डिंगवाल्याकडे नेण्याआधी बॉडी उतरवावी लागेल, फायबरजवळ वेल्डिंग करू देऊ नकोस, पेटतं. आणि जोडावर नुसती पट्टी मारून घेऊ नकोस, कुजलेला पत्रा कापून नवा घालायला सांग. बॉडीचे बोल्ट निघतायत का?

पारोळ्याचा पोऱ्या
सहा निघाले, बाकीचे फिरतच नाहीत. डिझेल टाकून ठेवलंय कालपासून.

केळीचं खोड
बग्गी भाड्याने देणार का? २ तारखेला एरंडोलला पुतण्याचं लग्न आहे. ओढायला घोडा आम्ही आणू.